मापाचं गाणं

दातांच्या दवाखान्यात बसल्या बसल्या तिला एका माणसाचा हेवा वाटला, आणि तो माणूस ती स्वतःच निघाली. दाढ ठणकत होती, पुढे अजून दोघं होते, आणि छतातल्या जाळीतून ते नेहमीचं मऊ, कुणाच्या अध्यात ना मध्यात असं संगीत झिरपत होतं. असल्या संगीताकडे ती सहसा कान देत नसे. पण मधेच एक धून लागली आणि ठणका जरासा बाजूला सरकला. चारच सूर. वर चढत होते, आता वरच्या सुराला हात लावणार असं वाटत होतं, आणि नेमके तिथूनच मागे फिरत होते. दाराच्या कडीवर हात ठेवावा आणि मग जाऊ दे म्हणून परतावं, तसे. कोण हा? किती कमी बोलतोय! आपण असतो तर वरचा सूर लावूनच सोडला असता, वर त्याला एक हरकत जोडली असती, कुणी टाळ्या वाजवतंय का बघितलं असतं.  गेले कित्येक दिवस ती नेमकं हेच करू बघत होती आणि जमत नव्हतं, आणि हा कोण कुठला माणूस दवाखान्याच्या छतात बसून ते सहज करत होता. मग धून दुसऱ्या वळणावर आली, तिथे एक सूर किंचित उशिरा पडला, आणि तिच्या मांडीवरच्या पर्सवर तिची डावी करंगळी आपोआप हलली. करंगळीला आधी कळलं. तिला नंतर.

"हे कुणाचं आहे?" तिनं काउंटरवरच्या मुलीला विचारलं.

"काय कुणाचं?"

"हे. वाजतंय ते."

मुलीनं वर छताकडे बघितलं, जणू तिथे काही वाजतं हे तिला आजच समजत होतं. "ते आपोआप लागतं," ती म्हणाली. "आवाज कमी करू का?"

नको म्हणेपर्यंत धून संपलीसुद्धा होती. मग खुर्ची, दिवा, सुई, अर्धा जबडा बधिर. डॉक्टर बोलका होता. तोंडात दोन नळ्या खुपसून झाल्यावर त्यानं विचारलं, "आपण काय करता?" गाणी करते, असं ती म्हणाली, पण बाहेर पडलं ते नुसतं "आ-ई-अं-ए." "अरे वा," डॉक्टर म्हणाला, "गृहिणी. सगळ्यात कठीण काम." तिनं वाद घातला नाही. घालता येतही नव्हता.

रस्त्यावर आली तेव्हा ओठाचा एक कोपरा लोंबतोय असं वाटत होतं. शीळ घालून ती धून परत पकडावी म्हटलं तर फुस्स हवाच. मग ती नुसतीच चालत राहिली, चपलांच्या दुकानावरून, बंद पडलेल्या कारंज्यावरून, आणि डोक्यात एकच गोष्ट घोळत राहिली, की आपल्याला आपली धून ओळखू आली नाही. लोकांना आपली मुलं गर्दीत पाठीवरून ओळखू येतात. ती धून लहान मुलांच्या एका रेडिओ कार्यक्रमाच्या सुरुवातीला वाजायची. नंतर कार्यक्रम बंद पडला आणि धून कुठल्याशा मऊ संगीताच्या गठ्ठ्यात गेली. केली कधी होती? तिची मुलगी तान्ही असताना. मुलगी पोटदुखीनं रडायची आणि फक्त उजव्या खांद्यावर झोपायची. खाली ठेवली की किंकाळी. म्हणजे उजवा हात कामातून गेलेला. डाव्या हाताची पाच बोटं, त्यातही कुशीत मूल असल्यामुळे हात सरकवायचा नाही, कीबोर्डवर बोटं पोचतील तेवढ्याच पट्ट्या. वरचा सूर लावला नव्हता कारण तिथवर करंगळी पोचत नव्हती. उशीर झाला होता तो करंगळीला जागा शोधायला लागला तेवढा. एवढंच. आणि पुढे वर्षानुवर्षं ती वर्गात सांगत आली होती, की सुचत नसेल तर एकाच हातानं वाजवा, डाव्या हातानं, हात न हलवता. युक्ती क्रमांक एक. विद्यार्थी मान डोलवायचे. हात न हलवता का, असं कुणी विचारलं नाही, आणि तिनंही ते सांगितलं नाही, कारण तीच विसरून गेली होती. युक्ती उरली होती. खांद्यावरचं मूल तिच्यातून केव्हाच उतरलं होतं.

वर्ग मोटार शिकवणाऱ्यांच्या ऑफिसच्या वरच्या मजल्यावर भरायचा. पाटीवर 'गाणं सुचण्याच्या युक्त्या' असं लिहिलेलं होतं आणि खालच्या ऑफिसातला माणूस कायम म्हणायचा, मॅडम, तुमच्याकडे ब्रेक शिकवतात का हो? संध्याकाळी कामं आटपून माणसं यायची, एक नर्स, एक टपाल खात्यातला गृहस्थ, कॉलेजात न रमलेली दोन मुलं, नवऱ्याला न सांगता वर्गाला येणारी एक बाई. ती त्यांना मनापासून शिकवायची. पहिलं गाणं मुद्दाम भिकार लिहा, म्हणजे भीती मोडेल. वाद्य बंद करून भांडी घासताना गुणगुणा, जे भांडी संपेपर्यंत टिकेल तेच ठेवा. तुम्हाला सगळ्यात आवडलेली ओळ काढून टाका आणि बघा गाणं उभं राहतं का. चाल अडली तर ती उलटी म्हणा, शेवटाकडून सुरुवातीकडे. ओळी फोनवर निरोप सांगितल्यासारख्या बोलून बघा. सगळ्या युक्त्या खऱ्या होत्या, उपयोगी होत्या. टपालवाल्यांनी तर बायकोच्या वाढदिवसाला चक्क एक चांगलं गाणं केलं होतं. आज मात्र अर्ध्या बधिर तोंडानं बोलताना तिला आपलेच शब्द शेजारच्या खोलीतून आल्यासारखे ऐकू येत होते. नर्सनं हात वर केला.

"मॅडम, तुमचं शेवटचं गाणं यातल्या कुठल्या युक्तीनं सुचलं?"

सरळ प्रश्न होता, कुत्सितपणा त्यात नावाला नव्हता. म्हणूनच तो जास्त लागला. शेवटचं गाणं! सध्या हातात असलेल्या एका नाटकातल्या म्हाताऱ्या शिंप्याचं ते गाणं तीनदा करून झालं होतं आणि तीनदा परत आलं होतं. एकदा तीनच सुरांत बांधलं, एकदा चालण्याच्या लयीवर, एकदा उलटं करून. आणि दरवेळी दिग्दर्शकाचा तोच फोन, "मॅडम, सगळं बरोबर आहे हो, पण काकांच्या तोंडात बसत नाहीये." काका म्हणजे शिंप्याचं काम करणारे जुने नट. बरोबर! या शब्दानं तिचं डोकं फिरायचं. वाईट आहे म्हण, रटाळ आहे म्हण, बरोबर काय?

"सगळ्या थोड्या थोड्या वापरते," ती म्हणाली, आणि तोंड दुखतंय असं सांगून तिनं वर्ग लवकर सोडला. जिन्यात खालचा माणूस म्हणाला, "आज ब्रेक लागला वाटतं." तिला हसू आलं नाही.

सकाळी तिनं कीबोर्डसमोर बसून बघितलं. उजवा हात मांडीखाली दाबून धरला आणि डावीकडची पाच बोटं पट्ट्यांवर ठेवली. काहीच नाही. हात नुसता मुंग्यांनी भरून आला. मग उजव्या खांद्यावर उशी टाकून बघितली आणि आरशात लक्ष गेलं तेव्हा तिचं तिलाच कसंसं झालं. पन्नाशीची बाई, खांद्यावर उशी. उशी फेकून तिनं मुलीला फोन लावला. मुलगी दुसऱ्या शहरात विमानतळावर होती, हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर, आणि दिवसभर लोकांचा राग झेलून तिचा आवाज सपाट झाला होता.

"बोल आई. पटकन. इथे एका माणसाची बॅग दुसऱ्याच देशात गेलीये."

"काही नाही गं. तू लहान असताना मी तुला झोपवताना एक धून वाजवायचे. आठवते?"

"मला?"

"तुला म्हणजे... तू खांद्यावर असायचीस."

"आई, खांद्यावरचं मला कसं आठवेल? आणि तू वाजवायचीस कुठे? तू तर हेडफोन लावून बसायचीस. मला नुसती टकटक ऐकू यायची पट्ट्यांची." पलीकडे कुणीतरी ओरडलं, मुलगी "एक मिनिट, साहेब" म्हणाली आणि परत आली. "किती वर्षं मला वाटत होतं, माझी आई टायपिंग करते. शाळेत सांगितलंही होतं मी बाईंना तसं."

"टायपिंग?"

"मग काय. गाणं म्हणून झोपवायचे ते बाबा. तेही बेसूर. तुला हाका मारून मारून मी कंटाळायचे, तुझ्या कानात ते असायचं ना. चल, ठेवते. तुझं ठीक आहे ना सगळं?"

"दाढ काढली."

"हां, मग गार खा काहीतरी," मुलगी म्हणाली आणि फोन बंद झाला.

 म्हणजे कालपासून ज्या चित्राला ती कवटाळून होती, तेही अर्धंच खरं होतं. मूल खांद्यावर होतं, पण धून मुलापर्यंत पोचली नव्हती. ती दोघींच्या मधे कुठेतरी, एका तारेतून फक्त आईच्या कानात गेली होती. तिनं खोलीभर नजर फिरवली. भिंतीला लावलेला फोम, दाराच्या फटीत खोचलेली पट्टी, खिडकीला दुहेरी काच. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून किती खटपट केली होती तिनं! याच खोलीत तिनं शिंप्याची तीन गाणी केली होती, स्वतःच गाऊन रेकॉर्ड केली होती आणि पाठवून दिली होती. आणि ज्याच्या तोंडात ती बसत नव्हती, त्या माणसाचं तोंड तिनं बघितलंच नव्हतं. नाटकाच्या तालमीला ती एकदाही गेली नव्हती. गरजच काय, असं वाटलं होतं. तिला एकदम त्या खोलीत गुदमरल्यासारखं झालं. तिनं पर्स उचलली, परत ठेवली, कीबोर्डचं झाकण लावलं, पुन्हा पर्स उचलली. कुणाला फोन न करताच ती निघाली.

तालमीची जागा म्हणजे जुनं गोदाम होतं. दुपारची सुट्टी चालू होती, मंडळी जेवायला गेली होती, आणि मधोमध एका लाकडी टेबलाशी काका एकटेच बसले होते. टेबलावर शिवणयंत्र होतं, नाटकातलं. पन्नास वर्षं रंगभूमीवर घालवलेला माणूस. आवाज असा की शेवटच्या रांगेतल्या माणसाला वाटावं, आपल्याच कानात बोलतोय. तिनं त्यांना लांबून, प्रेक्षकांतून खूपदा बघितलं होतं. जवळून ते लहान दिसत होते. ती दारातच थांबली, कारण काका तिचंच गाणं म्हणत होते. तिसरं, उलटं केलेलं.

*उसव रे टाका, उसव हळूच,*
*कापड फाटू नये...*

'हळूच'पर्यंत ठीक होतं. मग 'कापड' आलं आणि 'फाटू नये' आलंच नाही. काकांनी तोंड उघडलेलं होतं, ओठ हलत होते, पण आवाज खाली कुठेतरी विरून गेला होता. त्यांनी टेबलाची कड धरली, खांदे वर उचलले आणि विहिरीतून बादली ओढावी तसा श्वास ओढला. मग पुन्हा सुरुवातीपासून. पुन्हा तिथेच.  चाल तोंडात न बसण्याचा प्रश्नच नव्हता. माणसाला ओळ पुरी करायला वारा पुरत नव्हता.

पाय वाजला तसे काका दचकले आणि एका क्षणात ताठ झाले. चेहऱ्यावर तेच ते पोस्टरवरचं हसू. "या या बाई! तुमच्याच चालीशी भांडत होतो. काय आहे, चाल चांगली आहे, पण माझ्या शिंप्याच्या स्वभावात बसत नाही बघा."

"काका," ती म्हणाली, "मी दारातून ऐकत होते."

हसू तसंच राहिलं, पण डोळे त्यातून निघून गेले. ते यंत्राचं चाक बोटानं फिरवू लागले. बाहेर कुणीतरी मोठ्यानं हसलं, तशी त्यांनी दाराकडे नजर टाकली.

"हिवाळ्यात छातीचं ऑपरेशन झालं," ते हळू म्हणाले. "घरचे सोडून कुणाला माहीत नाही. बोलताना जमतं हो. वाक्य कुठे तोडायचं ते मला ठाऊक आहे, लोकांना वाटतं काय अभिनय करतोय म्हातारा. पण गाण्यात तुम्ही लोक तोडू देत नाही. तुमची चाल चालू लागली की तिच्यामागे पळावं लागतं." मग एकदम, "दिग्दर्शकाला सांगू नका. पोरगा चांगला आहे, पण त्याला कळलं तर उद्या इथे दुसरा कुणीतरी बसलेला असेल. त्याचंही चूक नाही. पण मला हे करायचंय. पुढचं होईल का, ते मला ठाऊक नाही."

तिला वाटलं, काहीतरी धीराचं बोलावं. पण डोक्यात सवयीनं युक्त्याच धावून आल्या, एकामागून एक, वर्गातल्या शहाण्या मुलांसारख्या हात वर करून: कमी सूर घ्या, लय बदला, ओळ काढून टाका. तिनं त्यांना गप्प बसवलं. पियानो कोपऱ्यात होता, पण ती तिकडे गेली नाही. खुर्ची ओढून ती काकांच्या इतकी जवळ बसली की त्यांच्या सदऱ्याला येणारा मलमाचा वास तिला येत होता.

"गाऊ नका," ती म्हणाली. "नुसतं बोला. यंत्राशी बोला. ऐकू नाही आलं तरी चालेल."

"उसव रे टाका, उसव..." काका थांबले. आत श्वास गेला, घशात किंचित खरखर. "...हळूच. कापड..." पुन्हा थांबा, यावेळी लांब. "...फाटू नये."

"परत."

थांबे तिथेच आले. ते काकांच्या मर्जीनं येत नव्हते, चुकूनही येत नव्हते. आत जेवढी जागा उरली होती तेवढी भरून झाली की येत होते. ती ऐकत राहिली. शब्दांपेक्षा मधलीच जागा ती ऐकत होती. दुसऱ्या 'उसव' नंतर माणूस थांबतो, म्हणजे उसवायला त्याचा हात धजत नाही. 'कापड' नंतर थांबतो, म्हणजे कापडाचं काय होणार हे त्याला माहीत नाही. हे नाटकाच्या लेखकानं लिहिलं नव्हतं आणि तिनंही तीन गाण्यांत कुठे ऐकलं नव्हतं. तिनं अगदी हळू, बोलण्याच्या उंचीवरच, पहिल्या तुकड्याला सूर लावला. काकांनी तो तसाच उचलला. थांबा आला, ती थांबली. किती थांबायचं ते तिला माहीत नव्हतं. मोजायची तिची जन्माची सवय, पण इथे मोजून काही उपयोग नव्हता. काकांच्या छातीकडे बघत राहायचं, बस्स. छाती भरली की पुढचा सूर. एका जागी तिनं वर नेऊन बघितलं, काकांनी नुसती मान हलवली, तिनं तो सूर टाकून दिला. एका जागी काकांनी स्वतःच खाली उतरून तिला चकित केलं. "हे कुठून आणलंत?" "खाली गेलं की वारा कमी लागतो," काका म्हणाले, आणि दोघंही हसले, हसण्यानं काकांना खोकला आला आणि तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. हाताखाली बरगड्या हलत होत्या, एखाद्या जुन्या पेटीचा भाता हलावा तशा. तिला भीती वाटत होती. आपण यांना दमवतोय. आपण हे करायला नको. पण काका म्हणत होते, "हं, पुढे, पुढे," आणि त्यांच्या गालावर रंग आला होता.

शेवटची ओळ जमल्यावर ते मागे टेकले. "बाई, हे माझ्या अंगाला बसलं. अगदी मापाचं. पण मला सांगा, उद्या मी नसलो, दुसरा कुणी उभा राहिला, तर त्याला हे सैल नाही व्हायचं?"

"त्याच्यासाठी दुसरं करीन," ती म्हणाली.

हे तिनं पटकन म्हटलं आणि म्हटल्यावर स्वतःच त्याकडे बघत राहिली. तिसरं गाणं परत आलं तेव्हापासून तिला आतून पोखरत होतं, की आता आपल्यात काही उरलेलं नाही. मग हे कुठल्या भरवशावर म्हटलं आपण? ते तिला सांगता आलं नसतं. पण खोटंही वाटलं नाही.

मंडळी जेवून आली. दिग्दर्शक तिला बघून चपापलाच. "मॅडम, तुम्ही? आधी सांगायचं नाही का!" चौथी चाल तयार आहे म्हटल्यावर त्यानं सगळ्यांना गप्प केलं आणि तो एका उलट्या खोक्यावर बसला, हनुवटी मुठीवर टेकून. काका उठून उभे राहिले. ती पियानोशी गेली, पण बसली अशी, की काकांची छाती दिसत राहील.

"सुरुवातीला साथ नाही," ती म्हणाली. "ते म्हणतील, मी मागून येते."

काकांनी सुरुवात केली. पहिला थांबा आला तेव्हा दिग्दर्शकानं भुवया उंचावल्या. दुसऱ्याला तो खोक्यावरून पुढे झुकला. तरुण नटांपैकी एकीनं हातातला कप हळूच खाली ठेवला. "मॅडम," दिग्दर्शक दबक्या आवाजात म्हणाला, नजर काकांवरून न काढता, "हे मधे मधे तुटतंय ते काय जबरदस्त आहे! ही कसली युक्ती आहे?"

काकांनी तिच्याकडे बघितलं. फक्त डोळ्यांनी.

"युक्ती नाही," ती म्हणाली. "ते गाणं तसंच आहे."

आणि मग तो 'कापड' नंतरचा लांब थांबा आला. गोदामात कुणी हललं नाही; सगळ्यांना वाटत होतं, काय अभिनय आहे. तिची बोटं पट्ट्यांवर वाट बघत होती आणि इथे तिच्या हातात काहीच नव्हतं. काकांचे खांदे वर गेले. खाली आले नाहीत. टेबलाची कड त्यांनी धरली होती, बोटांची पेरं पांढरी झाली होती. बाहेर रस्त्यावर एक गाडी आली, थांबली, निघून गेली. तिला उठून त्यांच्याकडे धावावंसं वाटलं, आणि उठायचं नाही हेही कळत होतं, आणि तिनं आपलाही श्वास धरून ठेवला आहे, हे तिच्या लक्षात आलं नाही. ती बघत राहिली. उरलेली ओळ येईल का, हे त्या खोलीत फक्त दोघांनाच ठाऊक नव्हतं.

आली.